सहाव्या रांगेतलं बारावं पॅनल

१

सोमवारी सकाळी ओसांग सहाव्या रांगेतली पॅनलं धुवायला लागली. अकरा धुऊन झाली. बाराव्यावर तिने ओलं फडकं फिरवलं, तर ते हवेतच फिरलं.

आधी तिला वाटलं, डोळ्याचाच दोष. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून ती तीन आठवड्यांनी कालच सेबू शहरातून, लेकीकडून परतली होती. तिने जुना डोळा झाकून नव्याने पाहिलं, मग नवा झाकून जुन्याने पाहिलं. पॅनल नव्हतंच. दोन रिकाम्या पट्ट्या तेवढ्या उन्हात चमकत होत्या आणि त्यांच्यामधून खालचं गवत दिसत होतं.

"जोवितो!"

राखणदार जोवितो पत्र्याच्या खोलीतून धावत आला. पस्तिशीचा आडदांड गडी, पण ओसांगची हाक आली की शाळकरी पोरासारखा धावायचा.

"मोज," ती म्हणाली.

त्याने बोट नाचवत मोजली. अकरावर बोट अडलं आणि चेहरा उतरला.

"नांग," तो म्हणाला; थोरल्या बाईला बेटावर हीच हाक. "शपथ घेतो! मशीनवर सगळं हिरवं आहे. मी रोज दोनदा बघतो!"

"मशीनवर काय बघतोस, मेल्या? रानात बघ!"

लुबिहान बेटावर अशी शहाण्णव पॅनलं होती. आठ रांगा, बारा-बारांच्या. वीज सहकारी संस्थेने यंत्रं, तारा आणि बॅटऱ्या दिल्या होत्या. खड्डे, चौथरे, कुंपण बेटाच्या माणसांनी दोन उन्हाळे राबून केलं होतं. ज्या घराने घाम गाळला त्या घराचं नाव एकेका चौकटीवर रंगाने लिहिलेलं. दर सोमवारी बायका येऊन समुद्राचं मीठ धुऊन काढत.

ओसांग वाकून बघू लागली. अकराव्या पॅनलच्या तारा पुढे नीट जोडून दिलेल्या होत्या, म्हणून तर मशीनला पत्ता लागला नव्हता. पट्टीला एक सार्डिनचा रिकामा डबा तारेने टांगलेला. आत चार बोल्ट, मशीनच्या तेलात बुडवून ठेवलेले. खोलीत बॅटऱ्या जिथल्या तिथे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, ज्यासाठी इतर बेटांवर माणसं कुंपणं तोडतात, तेही खुंटीवर तसंच.

"हा कसला चोर?" जोवितो म्हणाला. "तांबं सोडून गेला!"

ओसांगने फाटकाकडे पाहिलं. चोर फाटकातून आत आला असणार. फाटकापासून इथवर यायला त्याला पाच रांगा ओलांडाव्या लागल्या होत्या. साठ पॅनलं सोडून तो या एकापाशी आला होता.

त्या पॅनलवर नाव होतं, आन्सेल्मो दागुनान. तिचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. चर्चमध्येही तो नेहमी बाकाच्या कडेला बसायचा, म्हणून तिने त्याच्यासाठी मुद्दाम कडेची जागा मागून घेतली होती.

२

ओसांगने सकाळीच संस्थेला कळवलं होतं. तिथल्या इंजिनिअर व्हियाफ्लोर बाईंचा फोन दुपारी आला.

"दागुनान बाई, शनिवारी मी मोजणीला येतेय. शहाण्णव भरली तर पुढची चाळीस पॅनलं तुमच्या बेटाला. नाही भरली तर ती दुसऱ्या बेटाला जातील. आणि राखणदारावर पोलिसात तक्रार करावी लागेल. माझा इलाज नाही."

"शनिवारपर्यंत मी शोधते."

"तुम्ही?"

"या बेटावर एकतीस वर्षं मीटर वाचलेत मी, बाई. कोणाच्या घरात काय दडलंय, ते मलाच कळायचं."

खोटं नव्हतं ते. डिझेलच्या काळात वीज संध्याकाळी सहा ते दहा असायची. दहाला पाच मिनिटं कमी असताना इंजिनवाला तेर्यो सगळ्या बेटाचे दिवे दोनदा मिचकवायचा. मग ही धांदल! बायका भांडी आवरत, पोरं चटया अंथरत, कोणी पत्र लिहीत असला तर शेवटची ओळ घाईने संपवत असे. इंजिन थांबलं की एकदम समुद्र ऐकू यायचा. आता वीज चोवीस तास होती. समुद्र ऐकायला कोणी थांबत नव्हतं.

आन्सेल्मो, म्हणजे सेल्मो, संस्थेचा लाइनमन. तो खांबावर आणि ती खाली वही घेऊन. लग्नाआधी दोन वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलली ती अशीच, एक मान वर करून आणि एक खाली वाकून.

पण मीटर वाचणारीला शत्रूही फार. कोणी तारेवर आकडा टाकला, कोणी मीटरला चुंबक चिकटवला, की ओसांग ते वहीत लिहायची. सख्ख्या भावाचाही आकडा तिने सोडला नव्हता. सेल्मोचंच पॅनल गेलं, म्हणजे कोणीतरी जुना राग काढला होता. तिने मनातल्या मनात यादी केली आणि पहिल्या नावाकडे निघाली.

मान्दिंगचं दुकान धक्क्याजवळ. एके काळी सगळं बेट त्याच्याकडून रॉकेल न्यायचं. सौर वीज आली आणि त्याची पिंपं गंजली.

"ये, ये ओसांग! नवा डोळा बसवून आलीस म्हणे. आता आमची राहिलेली पापंही दिसतील तुला."

"जुनीच पुरेत, मान्दिंग. तुझा चुंबक अजून आहे माझ्याकडे. फळीवर खिळे गोळा करायला वापरते."

"सगळ्या गिऱ्हाइकांसमोर काढलास तू तो," मान्दिंग म्हणाला, पण हसत. "पॅनलचं कळलं मला. माझ्यावर संशय असेल तर सांगून टाकतो. साधा बल्ब बदलायचा तर मी बायकोला स्टुलावर चढवतो आणि स्वतः दाराबाहेर उभा राहतो. मी कसला तारा सोडतोय! आणि चोरायचंच तर बॅटरी चोरीन ना. नुसतं पॅनल घेऊन काय करू? दिवस मावळला की त्याची किंमत जेवायच्या पाटाएवढी."

ओसांग चमकली. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. बॅटरी नाही, म्हणजे चोराला वीज फक्त उन्हातच हवी होती. उन्हातच चालतं आणि रात्री बंद पडलं तरी बिघडत नाही, असं काय असतं?

"इतक्यात कोणी वेगळं सामान नेलं का तुझ्याकडून?"

मान्दिंगने डोकं खाजवलं. "क्रेसिंगने निळा पाइप नेला. चांगला चाळीस वाव. आणि सेबूहून एक लहानसा पंप मागवून घेतला. डुकरांना आंघोळ घालायला म्हणे."

 क्रेसिंग तिची लहानपणची मैत्रीण. जोवितोची सासू. तिची डुकरं तर नाताळातच कापली गेली होती. एकाचं मांस ओसांगने स्वतः खाल्लं होतं.

३

क्रेसिंग परसात चुलीवर सुकी मासळी भाजत होती. बाजूला मक्याच्या कण्यांचा भात रटरटत होता.

"बस. जेवूनच जा. लेकीने उपाशी ठेवलेलं दिसतंय तुला."

ओसांग पायरीवर बसली. "मी नव्हते तेव्हा माझी रांग कोणी धुतली गं?"

"मीच की. तिन्ही सोमवार."

"किती धुतलीस?"

"बारा. बाराचीच रांग ना?"

उत्तर जरा जास्तच चटकन आलं. ओसांगने चुलीकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाराव्यावर पाखरांनी घाण करून ठेवली होती. वाळून दगड झालेली. निघाली का?"

"निघाली. नखाने खरवडून काढली, मेली निघता निघेना."

बाराव्यावर घाण कधीच नव्हती. ओसांगने ती आत्ताच, या पायरीवर बसून मनाने रचली होती.

"आणि पाइप? तो कुठल्या डुकरांसाठी?"

क्रेसिंगच्या हातातला चिमटा थांबला. मासळी करपून धूर झाला तरी तिने ती उलटली नाही.

"क्रेसिंग, तुझ्या भावाची तार मी कापली होती. त्याचा राग होता का मनात?"

"तुझ्यावर राग धरायचा म्हटलं तर रांग लावावी लागेल, बाई," क्रेसिंग म्हणाली. हसायचा प्रयत्न केला. "शनिवारपर्यंत काही विचारू नकोस. एवढंच कर माझ्यासाठी."

"शनिवारी तुझा जावई पोलिसांच्या होडीत बसेल."

"नाही बसणार."

"इतकी खात्री?"

"शनिवारी शहाण्णव भरतील. आता जा तू. माझी मासळी गेली जळून."

ओसांग उठली. म्हणजे पॅनल बेटावरच होतं, आणि ते मोजणीपुरतं परत येणार होतं. म्हणूनच बोल्ट तेलात जपून ठेवले होते. पण क्रेसिंगला साधी पिन प्लगात घालताना घाम फुटायचा. चालू तारा सोडवणारा, पुन्हा जोडणारा आणि बोल्टला गंज चढू नये म्हणून जपणारा हात दुसऱ्याच कोणाचा होता. बोल्टवर मशीनचं तेल होतं. बेटावर तसं तेल अजून कोणाच्या घरात असेल, हे तिला ठाऊक होतं. तिथे जायचं मात्र तिच्या जिवावर आलं.

४

बंद पडलेल्या इंजिनघराशेजारी तेर्यो बाकुस्मोची झोपडी होती. चौऱ्याहत्तरीचा म्हातारा. इंजिन थांबून दोन वर्षं झाली, तरी तो ते रोज पुसायचा. पितळी पाटीत तोंड दिसेल इतकं लख्ख.

मंगळवारी सकाळी ओसांग गेली तेव्हा तो दोडक्याच्या मांडवाखाली बसला होता. उजव्या गुडघ्याला एरंडाची पानं बांधलेली.

"आलीस? मला वाटलं कालच येशील. चोरी झाली की पहिला संशय माझ्यावरच यायला हवा. तुझ्या त्या आरशांना मी रोज शिव्या घालतो."

"अजून घालता?"

"आवाज नाही, धूर नाही, वास नाही. ही कसली वीज? माणूस मेल्यासारखी गप्प! माझं इंजिन खोकायचं तेव्हा अख्ख्या बेटाला कळायचं, तेर्योला सर्दी झाली की इंजिनाला."

ओसांग हसली. हसता हसता तिची नजर मांडवावर गेली. दोडक्याचे वेल ज्या आडव्या दांडीवरून लोंबत होते, ती दांडी म्हणजे कावड होती. जाड, मधोमध खांद्याने गुळगुळीत झालेली, दोन्ही टोकांना डबे अडकवायच्या खाचा असलेली. कोवळे दोडके त्या खाचांतूनच उतरले होते.

"गुडघा कधीपासून?"

"दोन-अडीच महिने झाले. चढ चढवत नाही."

"नोंग तेर्यो," थोरल्या माणसाला द्यायची हाक देत ती म्हणाली, "बोल्ट तेलात बुडवून ठेवलेत त्याने."

"शहाणा आहे. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट महिन्याभरात जाम होतो."

"पुन्हा बसवायचे असतील, तरच माणूस इतकं जपतो."

 तेर्योने गुडघ्यावरचं पान सारखं केलं.

"सेल्मोचंच का?" ओसांगचा आवाज चढला. "साठ पॅनलं सोडून त्याचंच का? राग असेल तर माझ्यावर काढा. मी कोणाकोणाच्या तारा कापल्या त्या सगळ्या मोजून बघितल्या मी. तुमची तर एकही नाही!"

म्हाताऱ्याने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता.

"सगळ्या मोजल्यास, ओसांग," तो म्हणाला. "एक सोडून."

५

ती एक कोणती, हे तिला विचारावं लागलं नाही.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरामागे बुगतोंग नावाची वस्ती होती, तीन घरांची. तिथे राहायच्या शाळेच्या बाई, माएस्त्रा पेर्पेतुआ. साऱ्या बेटाला, सेल्मोला, तेर्योला आणि ओसांगलाही मुळाक्षरं गिरवायला लावणाऱ्या. संस्थेचं म्हणणं होतं, तीन घरांसाठी डोंगरावरून तार नेणं परवडत नाही. सेल्मोने माएस्त्रांना शब्द दिला होता, "मी आणीन." उरलेल्या तारेचे तुकडे जोडून, सुट्टीच्या दिवशी स्वतः खांब पुरून, त्याने आणलीही.

त्या महिन्यात ओसांगच्या वहीत हिशोब जुळेना. इंजिनघरातून निघालेली वीज आणि घराघरांत पोचलेली वीज यांत फरक येत होता. दोन रात्री ती नवऱ्याशेजारी जागी पडून राहिली. मग तिने वहीत लिहिलं, "बुगतोंग, विनापरवाना जोडणी." तार उतरवली गेली. सेल्मोला तीन महिने कामावरून काढलं. तो घरी कधी त्याबद्दल बोलला नाही, तिनेही विषय काढला नाही. यादी करताना तिने सगळ्या बेटाचे आकडे आठवले, तेवढा एक मात्र तिच्या मनाने जवळ येऊ दिला नव्हता.

दोन घरं पुढे खाली उतरून आली. माएस्त्रा आल्या नाहीत. वस्तीवर पाणी नाही, झरा खाली दरीत. म्हणून दर शनिवारी सेल्मो आणि तेर्यो कावडीने पाणी चढवायचे. सेल्मो गेल्यावर तेर्यो एकटाच.

बुधवारी पहाटे ओसांग हे सगळं मनात मांडत बसली. तेर्योला अडीच महिने चढ चढवत नाही. त्याची कावड दोडक्यांना टेकू देत उभी आहे. म्हणजे माएस्त्रांना कोणी पाणी नेत नाही. एप्रिलचं ऊन, पाऊस नाही. तरी अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी खाली आलेली नाही, आणि तिच्याविषयी कोणी काळजीचा शब्दही काढत नाही.

तर मग पाणी आपोआप चढत होतं. चाळीस वाव निळ्या पाइपातून, लहानशा पंपाने. उन्हात पंप चालतो, पिंप भरतं. रात्री बंद पडला तरी पिंपातलं पाणी कुठे जात नाही. त्याला बॅटरी कशाला हवी?

ती उठली आणि डोंगराच्या वाटेला लागली. वाटेत सेल्मोचे खांब अजून उभे होते. तारेशिवायचे. पहिल्यावर वाळवी होती, दुसऱ्यावर कोणीतरी ऑर्किड बांधलं होतं. तिसऱ्यापाशी पोचली आणि तिला पाण्याचा आवाज आला.

६

दगडांच्या चौथऱ्यावर, दक्षिणेकडे तोंड करून, पॅनल उन्हात तिरपं मांडलं होतं. चौकटीवर तिच्याच हातची अक्षरं, आन्सेल्मो दागुनान. काच लख्ख पुसलेली. निळा पाइप दरीतून वर येऊन एका पिंपात पाणी ओतत होता आणि पिंपाभोवती वांग्या-भेंडीची रोपं, पालेभाजी डोलत होती.

"रोसाउरा! पाय पुसून ये वर. चिखल करशील."

माएस्त्रा दारात उभ्या. पाठीला बाक आलेला, पण आवाज वर्गातला आणि हाक हजेरीतल्या पूर्ण नावाची. साठी उलटलेल्या ओसांगने मुकाट्याने पाय पुसले.

"शेवटी पाठवलं हो आन्सेल्मोने," माएस्त्रा म्हणाल्या. "उशीर झाला. पण तो अभ्यासही नेहमी उशिराच द्यायचा, आणि बरोबर द्यायचा. एलेउतेर्यो म्हणाला, हा सेल्मोचा वाटा आहे. मी चष्मा लावून वाचलं. त्याचंच नाव आहे. तुला माहीत होतं ना?"

 ओसांगने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही.

मागून धापा टाकत क्रेसिंग आली. सकाळी ओसांगला डोंगराकडे जाताना बघूनच ती धावत सुटली होती. पिंपाआड ओढत नेऊन तिने सगळं सांगून टाकलं.

"त्याचा गुडघा गेल्यावर डबे मी चढवत होते, पण मला झेपेना. पॅनल तेर्योने सोडवलं. मी माझ्या रेड्याची बिनचाकी घसरगाडी जुंपली. म्हातारा गाडीत बसला, मांडीवर पॅनल घेऊन, नवरीसारखं जपत! शुक्रवारी खाली नेणार होतो, मोजणी झाली की पुन्हा वर. तू महिनाभर राहशील असं वाटलं होतं गं. तू आलीस एक आठवडा आधी. जोवितोला यातलं काही माहीत नाही, पोरीची शपथ."

"मला का नाही विचारलंत? माझंच होतं ना ते?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ओसांगने प्रामाणिकपणे विचार केला. "सभेपुढे ठेवा म्हणाले असते."

"आणि सभा काय म्हणाली असती?"

"पुढच्या सभेपुढे ठेवा."

दोघींना हसू आलं.

"बरं, झालं ते झालं," क्रेसिंग डोळे पुसत म्हणाली. "परवा उतरवतो. पट्टीवर चढवून टाकू, कोणी नेलं ते कोणाला कळणार नाही. तू फक्त गप्प राहा."

ओसांग पिंपात पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली.

"त्याला हात लावू नकोस," ती म्हणाली.

७

शनिवारी इंजिनिअर व्हियाफ्लोर बाई सकाळच्या होडीने आल्या. निम्मं बेट कुंपणाशी जमलं होतं. बाई रांगेरांगेतून मोजत गेल्या. पंच्याण्णव. त्यांनी पेन उचललं आणि जोवितोकडे पाहिलं.  क्रेसिंग एक पाऊल पुढे सरकली. काठी टेकत तेर्योही सरकला.

"थांबा सगळे," ओसांग म्हणाली. "बाई, शहाण्णवावं माझं आहे, ते डोंगरावर आहे. चोरीला गेलेलं नाही. परवानगीशिवाय हलवलंय. त्या वस्तीला वीज द्यावी असं मागायचं काम माझं होतं, मी ते बावीस वर्षं केलं नाही. म्हणून दुसऱ्यांना करावं लागलं."

"दागुनान बाई, नियम असा आहे की पॅनल कुंपणाच्या आत..."

"नियम मला नका सांगू. या बेटावर तो मीच घरोघर पोचवलाय. तुम्ही खरं तेच लिहा. जागेवर पंच्याण्णव, बुगतोंगला एक. जो काही दंड असेल तो माझ्या नावावर घाला. राखणदाराचा यात काही संबंध नाही."

 कुंपणाशी उभ्या जुन्या माणसांना तो बावीस वर्षांपूर्वीचा महिना आठवत होता.

बाईंनी पेन खिशात ठेवलं. "वर किती चढ आहे?"

क्रेसिंगच्या घसरगाडीवरून बाई वर गेल्या. पंपाची जोडणी वाकून तपासली, पाइप बघितला. माएस्त्रांनी त्यांना पाणी दिलं आणि नाव लिहायला लावून अक्षर बघितलं. "इंजिनिअर आहेस, पण ओळ तिरपी जाते," म्हणाल्या. बाईंनी दुसरी ओळ सरळ काढली.

खाली उतरल्यावर त्यांनी निकाल सांगितला. जोवितो राहील. पॅनल बुगतोंगलाच राहील, पण ते संस्थेच्या तारेवर नसल्यामुळे त्याच्या वाट्याची वीज ओसांगच्या घराला यापुढे मिळणार नाही. पुढच्या चाळीस पॅनलांबद्दल त्या वर लिहितील, बुगतोंगचं नाव पहिलं घालून. "होईलच असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण लिहीन."

"तेवढं पुरे," ओसांग म्हणाली.

होडी गेली, माणसं पांगली. जोवितो सासूशी तावातावाने भांडत घरी गेला. दोडक्याच्या मांडवाखाली तेर्यो आणि ओसांग दोघंच उरले. तेर्योने नारळाच्या करवंटीत ताजी माडी ओतून तिच्यापुढे ठेवली. तिने ती हातात नुसती धरून ठेवली.

"नोंग, एक विचारू? तेव्हा, कामावरून काढलं तेव्हा, सेल्मो माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

तेर्योने पाय लांब केला.

"तीन महिने रोज माझ्या इंजिनाशी येऊन बसायचा. गप्प. शिव्या मीच घालायचो तुला, खोटं कशाला सांगू. एक दिवस माझ्यावरच चिडला. म्हणाला, 'नोंग, दिव्याखाली अंधार असतो म्हणतात ना? माझ्या घरी या, आणि दाखवा बरं कुठे आहे तो.' आणि हसला. छाती फुगवून हसला, बाई. बेकार माणूस, खिशात दमडी नाही, आणि हसतोय!"

ओसांगने करवंटी खाली ठेवली. 

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

तेर्योने पुन्हा सांगितलं.